सातनंतरचे फोन मोठे डॉक्टर घेतात

आधीच सांगते, मी डॉक्टर आहे. पेशंट "अगदी खरं सांगतो" म्हणाला की मी आधी त्याची नाडी बघते. त्यामुळे तुम्ही माझ्यावर लगेच विश्वास ठेवावा अशी माझी अपेक्षा नाही.

पण हे घडलंय. माझ्या दवाखान्यात, माझ्याशी. साक्षीला आमचे कंपाउंडरकाका आहेत. त्या माणसाने उभ्या आयुष्यात तापाचा आकडासुद्धा वाढवून सांगितलेला नाही.

दवाखाना खाली, आम्ही वर. मधे तेरा पायऱ्यांचा लाकडी जिना. दवाखाना माझ्या वडिलांचा. गाव त्यांना 'मोठे डॉक्टर' म्हणायचं आणि मला 'छोटी डॉक्टर'. मी त्रेचाळीस वर्षांची आहे. तरी छोटीच.

संध्याकाळी सातला दवाखाना बंद व्हायचा. त्यानंतरचे फोन बाबा घ्यायचे. फक्त बाबा. दहा वर्षं मी शेजारच्या खुर्चीत बसून पेशंट तपासले, पण सातनंतर त्या फोनला हात लावायची मला परवानगी नव्हती.

"दिवसा चुकलीस तर सांगायला कुणीतरी असतं. रात्री कुणी नसतं," असं म्हणायचे.

मला राग यायचा. अजून येतो.

त्यांच्या दोन पद्धती सांगायलाच हव्यात, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पहिली, कार्डं. प्रत्येक पेशंटचं एक पुठ्ठ्याचं कार्ड, लाकडी कपाटाच्या लांब कप्प्यांत उभं लावलेलं. दवाखाना बंद करताना बाबा काही कार्डं बोटभर वर ओढून ठेवायचे आणि कप्पा अर्धा उघडा सोडायचे. आज रात्री ज्यांचा फोन येईल असं वाटायचं, त्यांची ती कार्डं. दहापैकी आठ वेळा बरोबर निघायचं.

दुसरी, डबे. लांबच्या वस्त्यांवरच्या घरांत त्यांनी पत्र्याचा एकेक डबा दिलेला होता. आत चार बाटल्या, चार रंगांची झाकणं. औषधाचं नाव कुठेच नाही. वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून. फोनवर सांगायचे, "पिवळ्या झाकणातली एक द्या, सकाळी येतो."

आणि एका संध्याकाळी, आठ वाजून दहा मिनिटांनी, ते त्या खुर्चीतच गेले.

मी खाली आले तेव्हा रिसीव्हर त्यांच्या हातात होता. पलीकडून कुणीतरी म्हणत होतं, "डॉक्टर... ऐकताय ना? डॉक्टर..."

मी तो खाली ठेवला.

हार्ट अटॅक. कंपाउंडरकाका नंतर म्हणाले, आठ दिवस खांदा चोळत होते. मी त्यांचं स्वतःचं कार्ड काढून बघितलं. चाळीस वर्षांत एक ओळ नव्हती. कोरं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

मी रडले कमी आणि चिडले जास्त. महिन्याभरात सगळं बदललं. कॉम्प्युटर आणला. त्यांची करकरणारी खुर्ची माळ्यावर टाकली. तो फोन बंद करायला अर्ज दिला, माणूस येऊन वायर कापून गेला. पाटीवर माझा मोबाईल नंबर लिहिला. घरोघर फिरून डबे गोळा केले. नाव नसलेली औषधं लोकांच्या घरात ठेवायची म्हणजे काय चेष्टा आहे? एकतीस दिले होते, सव्वीस परत आले. पाच घरांनी हरवला म्हणून सांगितलं.

नऊ महिने सुरळीत गेले.

मग एका सकाळी चक्कीवाल्या आजी आल्या. पिठाची गिरणी त्यांची, भुवयांपर्यंत पांढऱ्या. डबा हरवला म्हणणाऱ्यांत त्याही.

"काल रात्री पोटात कळ आली हो," त्या म्हणाल्या. "फोन केला. हिरव्या झाकणातली घ्या म्हणाले. उतार पडला. पण सकाळी दाखवून या म्हणाले, म्हणून आले."

"कोण म्हणाले?"

"मोठे डॉक्टर."



"आजी, बाबांना जाऊन दहा महिने झाले."

"माहितीये की. तुमच्या जिन्यावर बसून रडले होते ना मी."

"मग?"

"मग काय? फोन उचलतात ते."

त्यांनी ते इतकं सहज सांगितलं, जणू चक्कीचा पट्टा बदलल्याचं सांगताहेत.

वर त्या म्हणाल्या, "तुमचा आधी लावला होता बाई. दोनदा. उचलला नाहीत."

मी झोपले होते. ते लागलं मला.

तळपायाची आग मस्तकात गेली. कुणीतरी भामटा बाबांच्या नावावर डॉक्टरकी करतोय, अशी माझी खात्री झाली. मी तिथेच जुना नंबर लावला.

"आपण लावलेला क्रमांक अस्तित्वात नाही."

परत लावला. तेच.

वर जाऊन आईला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही.

"मीही लावून बघते अधूनमधून," ती म्हणाली. "मलाही तेच सांगतात."

"मग आजींना कसा लागला?"

"आपण आजारी नाही ना," आई म्हणाली.

खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं. गावात कुणाचाही कान दुखला तरी ते हजर. आणि आम्हा दोघींना क्रमांक अस्तित्वात नाही.

पुढच्या आठवड्यात मी सकाळी दवाखाना उघडला...

कार्डांचा एक कप्पा अर्धा उघडा होता.

एक कार्ड बोटभर वर.

"काका, हे तुम्ही केलंत?"

कंपाउंडरकाका दारातच थबकले. "मी कशाला हात लावू? आता तर सगळं कॉम्प्युटरात असतं."

ज्याचं कार्ड होतं तो माणूस अकरा वाजता आला. रात्री फोन केला होता म्हणाला. कुणाला, ते मी विचारलं नाही.

असं तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळी मी कपाटाला कुलूप लावून किल्ली उशाखाली घेऊन झोपले होते. सकाळी कुलूप जिथल्या तिथे लटकत होतं, बंद.

कप्पा मात्र उघडा.

काका म्हणाले, "राहू द्या ना बाई. कुणाचं वाईट तर करत नाहीत ते."

"काका, मेलेल्या माणसाने प्रॅक्टिस करायची नसते. त्यांचं रजिस्ट्रेशन रद्द झालंय."

काका हसले नाहीत.

मग तो मंगळवार आला. थंडीचे दिवस. सातला काका गेले. मी दिवा घालवला, दाराशी पोचले...

मागे कप्पा सरकला.

तो आवाज मी लहानपणापासून ऐकलाय. आधी घासल्यासारखा, मग टक्क.

मी मागे वळले, दिवा लावला आणि सरळ कपाटाशी गेले. घाबरले असेन, पण स्वतःच्या दवाखान्यातून पळून जाणार नव्हते.

कार्ड सुताराच्या बायकोचं होतं. तळ्यापलीकडच्या वस्तीवर राहतात, दोन लहान मुलं. बाबांच्या अक्षरातली शेवटची नोंद अशी होती: घसा. ताप. लाल झाकण. उतार.

लाल झाकण...



चार महिन्यांपूर्वी दाढ सुजली म्हणून मी तिला तीच कॅप्सूल दिली होती. आधी कधी त्रास झाला नव्हता. पण त्या दिवशी दहा मिनिटांत ओठ सुजले, श्वास अडकला, बीपी कोसळलं. इंजेक्शन देऊन कशीबशी परत आणली. पुन्हा ही कॅप्सूल तिच्या पोटात गेली आणि मी जवळ नसले, तर ती जगणार नाही. मी नाव कागदावर लिहून दिलं होतं, हे औषध कधीही घ्यायचं नाही.

पण डब्यातल्या बाटलीवर नाव कुठे होतं? नुसतं लाल झाकण. आणि सुतार 'हरवला' म्हणणाऱ्या पाच घरांपैकी एक.

बाबांना हे माहीतच नव्हतं. ते गेल्यानंतरचं होतं ते.

मी सुताराला फोन लावला. व्यस्त.

परत लावला. व्यस्त.

तो कुणाशी बोलतोय, हे मला कळलं.

बॅग उचलली, स्कूटर काढली. दोन किलोमीटर. तळ्याच्या वळणावर घसरता घसरता वाचले. वाटेत मी मोठ्याने बोलत होते, खोटं नाही सांगत. "बाबा, थांबा. एवढं एकदा थांबा."

सुताराचं दार उघडंच होतं. तो खिडकीशी पाठ करून उभा, मोबाईल कानाला. पायाशी पत्र्याचा डबा.

"हो डॉक्टर," तो म्हणत होता. "लाल. हो, दिली हातात. आत्ताच घेतेय..."

खाटेवर त्याची बायको. तापाने चेहरा लाल. कॅप्सूल जिभेवर, पेला ओठाला.

मी पेल्यावर हात मारला. पाणी गादीवर, पेला भिंतीवर.

"थुंका आधी."

ती थुंकली. कॅप्सूल माझ्या तळहातावर पडली. अख्खी होती.

पाच वर्षांची मुलगी कोपऱ्यात रडायला लागली. मी सुताराच्या हातातून मोबाईल ओढून घेतला.

"बाबा."

काही नाही...

पण रिकामं नव्हतं ते. कुणीतरी होतं.

मग करकर... खुर्चीची. जी माळ्यावर पडलीये तिची.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आणि त्याच्याबरोबर दहा वर्षांचा राग.

"बाबा, हिला लाल झाकण चालत नाही. चार महिन्यांपूर्वी मरता मरता वाचली. तुम्ही नव्हतात तेव्हा. मी होते. मी वाचवली."

खुर्ची पुन्हा करकरली.

"तुम्ही गेलात. जाताना मला काही सांगितलं नाहीत, काही सोपवलं नाहीत. उठून गेलात सरळ. आता हे पेशंट माझे आहेत. सातनंतरही माझेच. ऐकू येतंय का?"

पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला.

आणि मग...

"कार्डावर लिहिलंस?"

तोच आवाज. रागावलेला नाही. दिवसातून चाळीस वेळा विचारायचे, तसाच.

मी लिहिलं नव्हतं. कॉम्प्युटरमध्ये लाल अक्षरांत होतं. कार्डावर त्यातलं काहीच नव्हतं. ते कार्डच वाचत होते.

फोन कट झाला.

मी तिला दुसरं औषध दिलं आणि ताप उतरेपर्यंत तिथेच बसले. सुताराने भिजलेली गादी उलटी केली, मुलीला मांडीवर घेतलं. बऱ्याच वेळाने हळूच विचारलं, "मोठे डॉक्टर रागावले का हो?"

"माझ्यावर. तुमच्यावर मी रागावणार आहे. तो डबा इकडे द्या."

घरी आल्यावर मी आधी ते कार्ड भरलं. शाईने. मग सगळीच भरायला घेतली. अकरा महिन्यांचे पेशंट, एकेक कार्ड. एकोणीस दिवस लागले. आई शेजारी बसून मला नावं वाचून दाखवायची.

"कॉम्प्युटरात आहे ना गं सगळं?"

"त्यांना कॉम्प्युटर येत नाही."

"मोबाईल तरी कुठे येत होता?" आई म्हणाली. "सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही."

तेव्हापासून माझा फोन मी रात्री कधी बंद केला नाही. पहिल्या रिंगला उचलते.

महिन्याभराने चक्कीवाल्या आजींचा फोन आला. रात्रीचे नऊ.

"आज मला कसा केलात?" मी विचारलं. जरा टोचूनच.

"आधी तिकडेच केला होता. ते म्हणाले, डॉक्टरांना फोन करा. मी म्हटलं, अहो, तुम्हीच की डॉक्टर. तर म्हणाले, मी नाही, आता ती."

त्या रात्री मी जिन्यात सातव्या पायरीवर बसून रडले. आईने विचारलं तर म्हटलं, दम लागला म्हणून बसलेय. तेही खोटं नव्हतं. हल्ली लागायचा.

त्यानंतर तो नंबर कुणालाच लागला नाही. कप्पे बंद राहिले. काका पुन्हा शिट्टी वाजवत झाडायला लागले. मला वाटलं, संपलं.

मागच्या गुरुवारपर्यंत.

सात वाजले होते. मी बॅग उचलली...

घासल्यासारखा आवाज. मग टक्क.

सगळ्यात खालचा कप्पा. तो आम्ही कधी उघडतच नाही. एक जुनं पिवळं कार्ड बोटभर वर आलेलं.

'ठमी. वय सहा. गोवर.'

ठमी म्हणजे मी. मला ठमी म्हणणारे एकच होते.

मी कार्ड आत ढकललं. कप्पा बंद केला. दोन पावलं गेले असेन...

टक्क.

परत ढकललं. कुलूप लावलं.

टक्क.

"स्वतःचं कार्ड चाळीस वर्षं कोरं ठेवलंत," मी ओरडले, रिकाम्या दवाखान्यात, एकटी. "खांदा चोळत बसलात आणि कुणाला पत्ता लागू दिला नाहीत. आणि मला शिकवता? मला काहीही झालेलं नाही."

मग माझ्या लक्षात आलं...

बोलताना माझा उजवा हात डाव्या खांद्यावर होता. चोळत होता.

मी खाली बसले. तिथेच, फरशीवर. बऱ्याच वेळाने कार्ड काढलं आणि गोवराच्या खाली लिहिलं: डावा खांदा, आठ दिवस. जिना चढताना दम. वडिलांना हार्ट अटॅक.

त्यांनी जे कधी लिहिलं नाही, ते मी लिहिलं. मुद्दाम त्यांच्याच पेनाने.

शुक्रवारी पहाटेच्या गाडीने शहर गाठलं. हृदयाच्या तीन नळ्या बंद निघाल्या. तपासणारा डॉक्टर माझ्याहून दहा वर्षांनी लहान. म्हणाला, "मॅडम, डॉक्टर असून इतके दिवस थांबलात?" मी म्हटलं, आमच्याकडे ते घराण्यात आहे.

उद्या सकाळी नऊला ऑपरेशन. हे सगळं मी वॉर्डमधून लिहितेय. छातीला वायरी आहेत, पलंगाशेजारी मशीन टिकटिकतंय, आई खुर्चीत बसल्या बसल्या झोपलीये. उशीखाली ते कार्ड आहे. सोबत आणलं.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. बाबांनी लेकीला वाचवलं, संपली गोष्ट. तुम्हालाही छान झोप लागली असती.

पण आज संध्याकाळी कंपाउंडरकाकांचा फोन आला.

"बाई, एक विचारू? काल रात्री तुम्ही दवाखान्यातला फोन घेतला होता का?"

"काका, मी इथे वायरी लावून पडलेय. माझा मोबाईल काल रात्रभर नर्सच्या टेबलावर होता. कुठला फोन?"



"जुना," ते म्हणाले.

मशीनची टिकटिक वाढली. नर्सने मान वळवून बघितलं.

"चक्कीवाल्या आजींनी लावला होता, सवयीने. तुमचा लागेना म्हणून. उचलला म्हणतात."

"बाबांनी?"

"नाही बाई..."

"मग कुणी?"

"बाईमाणसाचा आवाज होता." "तुमचाच होता, म्हणतात आजी. शपथ घ्यायला तयार आहेत."

मी तेच विचारलं जे कुठलाही डॉक्टर विचारेल.

"काय सांगितलं तिने?"

"मीठ-साखरेचं पाणी घोटघोट घ्या. आणि कार्डावर लिहून ठेवते म्हणाल्या."

"मग कार्ड?"

"सकाळी बघितलं. लिहिलंय. शाईने." काका थांबले. "अक्षर तुमचंच आहे बाई."

मी फोन ठेवला. जुना नंबर लावला. वर्षभर ज्याने मला दारात उभं केलं नाही, तो.

या वेळी 'अस्तित्वात नाही' म्हणाले नाहीत.

"आपण लावलेला क्रमांक व्यस्त आहे."

म्हणजे आत्ता, या क्षणी, माझ्या बंद दवाखान्यात कुणीतरी माझ्या पेशंटशी बोलतंय.

काकांना परत फोन करून सांगितलंय. माझ्या नावाचं नवीन कार्ड करा. ठमी नाही, पूर्ण नाव, पुढे डॉक्टर. मोठ्या अक्षरांत लिहा, 'जिवंत आहे. पंधरा दिवसांत परत येणार.' आणि सगळ्यात वरच्या कप्प्यात लावा, जी कुणी बसलीये तिला वाचता येईल असं. बापाला हटवायला मला वर्ष लागलं, हिला इतका वेळ देणार नाही.

आई जागी झाली. कुणाला फोन करतेयस म्हणाली. मी काही नाही म्हटलं.

आत्ता पुन्हा लावला होता. अजून व्यस्तच आहे.